सात नंबरचा कान

सुलक्षणा गित्तेनं आजवर दोन-तीनशे गाई-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवी आलेली वासरं सरळ केली होती. पण समीकरण दिसलं की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. आणि २०४१ सालच्या जुलैत, अंबाजोगाईजवळच्या डोंगरावर नव्यानं उभ्या राहिलेल्या जीवभौतिकी संस्थेत पहिल्याच दिवशी तिच्या हाती जे वेळापत्रक पडलं, त्यात वर्षभर नुसती समीकरणंच होती.

"काहीतरी चूक झालीय," ती कार्यालयात जाऊन म्हणाली. "मी पशुवैद्य आहे. हे पदार्थविज्ञानवाल्यांचं वेळापत्रक दिसतंय."

"चूक नाही," मागून आवाज आला. संस्थेच्या संचालक डॉ. सुधा बोराळकर दारात उभ्या होत्या. साठीच्या, आखूड केसांच्या, पायात रबरी बूट. "पदार्थविज्ञानवाल्यांना मी कोंबड्यांच्या शेडमध्ये पाठवलंय. या अभ्यासक्रमात ज्याला जे येतं, ते त्याला शिकवत नाहीत."

नियम असा होता. प्रत्येक विद्यार्थ्याची एक जोडी. एक सजीवांचा अभ्यास करून आलेला, दुसरा पदार्थविज्ञानातला. दोघांचा मिळून एकच प्रबंध. तोंडी परीक्षेत मात्र उलटापालट: गणितावरचे प्रश्न पशुवैद्याला आणि पेशींवरचे प्रश्न पदार्थविज्ञानवाल्याला. एक नापास झाला की दोघंही नापास.

"म्हणजे माझ्या पदवीची दोरी दुसऱ्याच्या हातात?"

"आणि त्याची तुझ्या," बोराळकर मॅडम म्हणाल्या. "जा, बघून ये त्याला. काय करतोय देव जाणे."

तौफिक मणेर शेडच्या दाराशी पांढराफटक पडून बसला होता. परभणीचा, विद्यापीठात पहिला आलेला, डोक्यात दोन पिसं अडकलेली. त्याच्या हातात कोंबडी उलटी लटकत होती आणि जिवाच्या आकांतानं पंख फडफडवत होती.

"चोच मारते ही," तो म्हणाला.

"तुम्ही तिला पायाला धरून लटकवलंय. मीसुद्धा मारली असती." सुलक्षणानं कोंबडी काखेत घेतली, तिच्या मानेवरून बोट फिरवलं. कोंबडी गप झाली. "लेकरासारखी धरायची. तुम्हाला रक्त चालतं ना?"

"नाही," तौफिक प्रामाणिकपणे म्हणाला. "तुम्हाला गणित?"

"नाही."

दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटले. हसण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं, पण मैत्री तिथंच जमली.

*

प्रबंधाचा विषय सुलक्षणानं सुचवला, आणि त्यामागे तिची माय होती.

उदगीरच्या महानंदा गित्ते बारा वर्षांपूर्वी क्षयानं अंथरुणाला खिळल्या होत्या. साध्या गोळ्या लागू पडेनात, म्हणून इंजेक्शनं द्यावी लागली. त्यांनी जीव वाचला, पण कान गेले. सुलक्षणा तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या दिवसापासून ती मायचे कान झाली. जग बोलायचं, सुलक्षणा ओठ सावकाश हलवून मायला सांगायची. माय बोलायची, तेही जरा वरच्या पट्टीत, आणि तिच्या नवऱ्याचं, व्यंकटरावांचं उत्तर पुन्हा सुलक्षणामार्फत यायचं. व्यंकटराव, म्हणजे सुलक्षणाचे दादा, एसटीत कंडक्टर होते. दिवसभर गाडीत ओरडून घरी येत आणि गप्प बसत. लेक डोंगरावर शिकायला गेली, तेव्हापासून नवराबायकोचं भांडणसुद्धा व्हिडिओ कॉलवर लेकीमार्फत व्हायचं.

आणि एक गोष्ट सुलक्षणानं कुणालाही सांगितली नव्हती. मायला सांगताना ती थोडं गाळायची. थोडं गोड करायची. आधी मायचं मन मोडू नये म्हणून. मग सवय म्हणून.

"माणसाच्या कानात आत शंखासारखी एक नळी असते," तिनं तौफिकला पहिला धडा दिला. "तिच्यात पंधरा हजारांच्या आसपास पेशी. प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक केसांचा झुबका. आवाज आला की ते केस हलतात आणि मेंदूला खबर जाते. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात."

"काय सांगता!"

"महिनाभरात. कोंबडी बहिरी झाली तर आपली आपण बरी होते. आपल्या कानात मात्र शेजारच्या पेशी नुसत्या झोपून राहतात. त्यांना उठवणारं औषध चार वर्षांपूर्वी परदेशात निघालं. पेशी उगवल्या. पण लोकांना शब्द ऐकू येण्याऐवजी अखंड सूं-सूं ऐकू यायला लागली. वेड लागायची पाळी आली. प्रयोग थांबवले."

तौफिक उठला आणि तिला वसतिगृहामागच्या बागेत घेऊन गेला. तिथं एक झोका होता. तिला त्यावर बसवून तो मागून एका बोटानं ढकलू लागला, झोका नेमका मागे येऊन वळायच्या क्षणी. दहा-बारा बोटांतच तिचे पाय फांद्यांना टेकले. मग त्यानं मुद्दाम अवेळी दोन्ही हातांनी ढकललं. झोका कडमडला आणि थांबला.

"तुमची ती प्रत्येक पेशी म्हणजे एक झोका आहे," तो म्हणाला. "ती नुसती हलत नाही, स्वतःही थोडी ताकद लावते. फार कमी लावली तर माणूस बहिरा. जरा जास्त लावली तर आवाज नसतानाच डोलायला लागते. चांगला कान या दोन्हींच्या बरोब्बर काठावर उभा असतो. म्हणून तर चांगला कान स्वतःही अगदी बारीक आवाज करतो. नाजूक मायक्रोफोननं तो पकडता येतो. नव्या उगवलेल्या पेशी काठ ओलांडून पलीकडे गेल्यात, आणि प्रत्येकीचा ताल वेगळा. पंधरा हजार झोके, पंधरा हजार ताल. तीच तुमची सूं-सूं."

"मग त्यांना एका तालात आणायचं कसं?"

"ते समीकरणात आहे," तो हसून म्हणाला. "आणि ते तुम्ही सोडवायचंय. मी कोंबड्या सांभाळतो."

सुलक्षणानं त्या बागेतच, धुळीत काडीनं, आयुष्यातलं पहिलं समीकरण मांडलं. या वेळी तिला त्यात अक्षरं दिसली नाहीत. पुढेमागे जाणारा झोका दिसला. एखाद्या वासराचा पाय हाताला लागावा, तसं झालं.

*

शोध लागला तो मात्र पंखा बिघडल्यामुळे.

बहिऱ्या केलेल्या बारा कोंबड्या प्रयोगशाळेच्या बंद, शांत खोल्यांत वेगवेगळ्या पिंजऱ्यांत होत्या. त्यांच्या पेशी उगवत होत्या. पण कानाच्या आवाजाचा आलेख म्हणजे नुसतं रान. शेकडो टोकं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. शेडमधल्या कोंबड्या महिनाभरात बऱ्या होतात आणि या का होत नाहीत, ते कळेना. एप्रिलच्या उन्हात एका खोलीतला पंखा बंद पडला, म्हणून तौफिकनं सहा कोंबड्या उचलून दोनशे कोंबड्यांच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या. लेकरासारख्या धरून.

पाचव्या दिवशी तो धावत आला. "सुलक्षणा! बघ! हे बघ!" बोलता बोलता तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला होता, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पडद्यावर सहा आलेख होते. रान नाहीसं झालं होतं. त्या जागी मोजकीच, सुबक, एकामागोमाग एक उभी टोकं.

"त्यांचा ताल जमला," सुलक्षणा पुटपुटली. "पिंजऱ्यात एकट्या होत्या. इथं दिवसभर कलकलाट. बाहेरचा आवाज ऐकून ऐकून पेशींनी एकमेकींचा ताल धरला!"

दोघं शेडभर नाचले. कोंबड्या घाबरून कोपऱ्यात गोळा झाल्या.

पुढच्या दीड वर्षात त्यांनी एक यंत्र बनवलं. हरभऱ्याएवढं, कानात बसणारं. ते कानाचा स्वतःचा बारीक आवाज ऐकायचं, क्षणभर थांबायचं आणि नेमक्या वेळी तोच आवाज परत द्यायचं. त्याचं नाव त्यांनी 'झोका' ठेवलं. थांबायचं किती, हा सेकंदाच्या हजाराव्या भागातला हिशोब सुलक्षणाच्या समीकरणातून यायचा. झोका लावलेल्या कोंबड्या एकट्या पिंजऱ्यातही सुधारत; शेडइतक्या लवकर नाही, पण सुधारत. आता शेडची गरज नाही, असं दोघांनी लिहून टाकलं. औषध आणि झोका एकत्र वापरून दहा माणसांवर चाचणी करायला परवानगी मिळाली. लातूरच्या एका दवाखान्यात दहा खोल्या, बेचाळीस दिवस.

एकविसाव्या दिवसापर्यंत ज्याचा कान शांत होणार नाही, त्याला दुसरं औषध देऊन नव्या पेशी नष्ट करायच्या, अशी अट होती. सूं-सूं घेऊन कुणाला जगायला लावायचं नव्हतं. पण तसं केलं की त्या कानात पुन्हा काही उगवणार नव्हतं.

*

निवड दुसऱ्याच डॉक्टरांनी केली. यादी आली, त्या दिवशी बोराळकर मॅडमनी सुलक्षणाला बोलावून घेतलं.

"सात नंबर. महानंदा व्यंकट गित्ते, उदगीर. तुला माहीत होतं?"

सुलक्षणा खुर्चीत बसली. तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावला. "माय, तू न विचारता अर्ज कसा केलास?" ओठ नेहमीसारखे सावकाश हलवायचं ती विसरली, पुन्हा सांगावं लागलं.

"तुला विचारलं असतं तर तू नको म्हणली असतीस," माय मोठ्यानं म्हणाली. "शेजारच्या पूजाकडून फॉर्म भरून घेतला."

"सूं-सूं झाली तर? काही राहिलंच नाही तर?"

"सुलू, तू गेल्यापासून माझ्याशी कुणी बोललं नाही गं. तुझे दादा चिठ्ठ्या लिहितात. 'चहा.' 'किल्ली.' 'येतो.' तीन वर्षांत माझ्या डब्यात दोनशे चिठ्ठ्या जमल्यात, आणि एकीवरही चार शब्द नाहीत."

पडद्याच्या कडेला व्यंकटरावांचा खांदा दिसत होता. ते काहीतरी म्हणाले. माय लेकीकडे बघत राहिली.

दादा म्हणाले होते, "या वयात कशाला ही थेरं."

"दादा म्हणतात, काळजी घे," सुलक्षणानं सांगितलं. आणि सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं. मायचे कान उघडले, तर हे सगळं उघडं पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निकाल दिला. रक्ताचं नातं असल्यानं सुलक्षणानं दवाखान्याची पायरी चढायची नाही, बेचाळीस दिवस सात नंबरशी बोलायचं नाही. आलेख बघायचे ते संस्थेत, मॅडमच्या शेजारी बसून. प्रत्येक बदलावर मॅडमची सही. माणसांना हात लावायचा तो एकट्या तौफिकनं.

"मी?" तौफिक म्हणाला. "सुया टोचताना मी...?"

"कोंबडी धरायला शिकलास ना?" सुलक्षणा म्हणाली. "माणसं चोच मारत नाहीत."

*

पहिले दोन आठवडे कुणालाच स्वस्थ बसवत नव्हतं. अकराव्या दिवशी चार नंबरच्या बाईंनी परिचारिकेच्या बांगड्या ऐकल्या. तेराव्या दिवशी नऊ नंबरचे गुरुजी दाराबाहेर कुणीतरी घेतलेलं आपलं नाव ऐकून वळले आणि ओक्साबोक्शी रडले. तौफिक रोज दुपारी फोन करायचा आणि एका दमात सगळं सांगून टाकायचा. सूं-सूं वाढायची, मग एखाद्या सकाळी आलेखातलं रान विरळ व्हायचं आणि टोकं उभी राहायची. सतराव्या दिवशी दहापैकी नऊ कान शांत झाले होते.

सात नंबरचा नव्हता.

"कढईत मोहरी तडतडतेय म्हणतात," एकोणिसाव्या दिवशी तौफिकनं सांगितलं. त्याचा आवाज उतरला होता. "उशीत डोकं खुपसून बसतात. सुलक्षणा, दोन दिवस उरलेत. थांबायचा काळ बदलून बघू?"

तिनं बदलून बघितला होता. तीनदा. समीकरण बरोबर होतं, तरी कान ऐकत नव्हता. मॅडम शेजारी बसल्या होत्या. सुलक्षणानं दहाही जणांचे सगळे आकडे पडद्यावर ओढले. वय, पेशींची संख्या, औषधाची मात्रा. कशातच सात नंबर वेगळा नव्हता. शेवटचा एक रकाना आजवर कुणी उघडलाही नव्हता. झोका खोलीतल्या आवाजाचीही नोंद ठेवायचा, शब्दांची नव्हे, फक्त माणसाचा आवाज दिवसातून किती वेळ आला याची.

एक नंबर: पाच तास. दोन नंबर: सहा तास. चार नंबर: सात तास, बाईंच्या तिघी बहिणी आल्या होत्या. कान नसले तरी या सगळ्यांची माणसं सवयीनं त्यांच्याशी बोलतच होती.

सात नंबर: अकरा मिनिटं.

सुलक्षणाच्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यातली एकटी कोंबडी उभी राहिली. माणसाचा कान कोंबडीच्या कानापेक्षा किती लांब, किती गुंतागुंतीचा! झोका एकेका पेशीला आवरत होता. पण शेजारणींना एकमेकींशी जोडायला चढता-उतरता, न थांबणारा, जिवंत आवाज लागत होता. बाकी नऊ जणांना तो फुकट मिळाला होता. सुलक्षणा-तौफिकनं प्रबंधात लिहिलं होतं तसं नव्हतं. शेड लागतच होती.

आणि मायच्या खोलीत बोलणारं कुणी का नव्हतं? कारण पंधरा वर्षं सुलक्षणाच बोलत होती. बाकीच्या सगळ्यांची सवय तिनंच मोडली होती.

"मॅडम, मला जाऊ द्या," ती उठली. "मी बोलते तिच्याशी. दिवसभर बोलते."

"नाही," बोराळकर मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तू गेलीस तर सात नंबर चाचणीतून बाद होईल आणि झोका आजच काढावा लागेल. दुसरं कोण आहे तिथं?"

सुलक्षणानं फोन उचलला. "तौफिक, सात नंबरचे यजमान कुठं आहेत?"

"बाहेर बाकावर. रोज सकाळी येतात, चिठ्ठी देतात, बाकावर बसतात."

"त्यांना आत ने. बोलायला लाव."

"काय बोलायला?"

"काहीही! झोपेपर्यंत बोलत राहायचं. थांबू देऊ नकोस."

दहा मिनिटांनी फोन वाजला. तौफिक कुजबुजत होता. "ते म्हणतात, तिला ऐकू येत नाही, तर मी बोलू काय? पोरगी सांगायची सगळं. मला नुसतं बोलायचं माहीतच नाही."

सुलक्षणानं डोळे मिटले. "विचार त्यांना, तीस वर्षं गाडीत काय ओरडलात? तेच म्हणा म्हणावं."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकली. मग पडद्यावरच्या त्या शेवटच्या रकान्यातला आकडा हलला आणि वाढू लागला.

"बोलतायत," तौफिकनं कळवलं. "उदगीर. लोहारा. हेर. नळेगाव. लातूर. आता लातूरहून परत निघालेत. सुलक्षणा, हे थांबे तालात म्हणतायत!"

दुपारी बारापासून व्यंकटराव खुर्चीत बसून थांब्यामागून थांबा घेत राहिले. उदगीर-लातूर संपलं, उदगीर-नांदेड सुरू झालं. मग थांब्यांच्या मधेमधे दुसरंच काही येऊ लागलं: या थांब्यावर एक म्हातारी रोज विड्याचं पान द्यायची, या वळणावर गाडी घसरली होती, तेव्हा तुझीच आठवण आली, हे तुला कधी सांगितलं नाही. तौफिक एवढंच कळवायचा, 'थांब्यांवरून उतरलेत, घरचं बोलतायत,' आणि पुढचं ऐकायला नको म्हणून स्वतः खोलीबाहेर जायचा.

संध्याकाळी पाचला माणसाच्या आवाजाच्या रकान्यात चार तास एकोणपन्नास मिनिटं होती. आलेखात अजून रानच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटराव घसा बसलेल्या आवाजात पुन्हा सुरू झाले. साडेदहाला मधल्या पट्टीतलं एक टोक उभं राहिलं. सुलक्षणानं मॅडमचा हात घट्ट धरला. पावणेअकराला त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं, चौथं. पहाटे वस्तीत एकेका घरचा दिवा लागावा तसं एकेक टोक उभं राहत गेलं आणि त्यांच्यामधलं रान आपोआप खाली बसत गेलं. समीकरण जसं म्हणत होतं तसंच, त्याच क्रमानं.

"जमलं!" सुलक्षणा ओरडली. "ताल जमला, मॅडम! जमला!"

बोराळकर मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आधी प्रबंधातलं ते शेडचं वाक्य खोडा," त्या म्हणाल्या. "आणि मग पेढे आणा."

फोनवर तौफिक काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण त्याला हुंदका आवरत नव्हता. शेवटी एवढंच कळलं, की सात नंबरनं मान वर करून नवऱ्याला म्हटलं होतं, "करडखेलचा थांबा विसरलात."

*

बेचाळिसावा दिवस संपला आणि सुलक्षणा लातूरच्या दवाखान्यात धावत गेली. दारातच थांबली. आत माय आणि दादा भांडत होते. चहात साखर किती, यावरून. सरळ, तोंडातोंडी, मधे कुणी नसताना.

"माय," ती म्हणाली.

मायनं वळून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे. "आता कोण बोललं?"

"मी. सुलू."

"सुलूचा आवाज बारीक आहे." मायचा हात हळूहळू तोंडाशी गेला. तिनं शेवटचा ऐकला होता तो तेरा वर्षांच्या पोरीचा आवाज. "एवढी मोठी झालीस? बोल. अजून बोल काहीतरी."

सुलक्षणाला कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून तिनं जे सगळ्यात जड होतं तेच उचललं. सांगून टाकलं. पंधरा वर्षं ती कसं गाळत आली, कसं गोड करत आली. बारशाला आत्या म्हणाली होती, 'बहिरीला कशाला बोलावलं?' आणि तिनं सांगितलं होतं, 'आत्या म्हणते, आलात, बरं वाटलं.' दादांनी रागानं काय काय म्हटलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली, ते तिनं सहा वर्षं कसं दडवून ठेवलं होतं. व्यंकटराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मायच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, ठसठशीत राग. "ते माझ्या वाट्याचं होतं, सुलू," ती म्हणाली. "कडू असलं तरी माझंच होतं. तू कशाला खाल्लंस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"मग वाटलं असतं." मायनं पलंगावर थोडं सरकून जागा केली. "बस इथं. पहिल्या दिवसापासून सांग. एक शब्द गाळू नकोस. आणि तुम्हीही बसा हो, खिडकीतून काय बघता?"

सुलक्षणा बसली. घसा साफ केला आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं ओठ मोठे करून, एकेक शब्द तोडत, सावकाश सुरुवात केली.

मायनं तिचा हात दाबला.

"साधं बोल गं," ती म्हणाली. "मला ऐकू येतंय."